विश्लेषण : हिप हॉपचा ‘सुवर्णकाळ’ नेमका कोणता? आणि गोंदियातल्या तरुणांनी तो का ऐकावा?

गोंदिया शहरापासून देवरी, सालेकसा, अर्जुनी मोरगावपर्यंत रॅप आता नवलाचा राहिलेला नाही. मोबाइलवर फुकट मिळणाऱ्या बीटवर ओळी बसवायच्या आणि रील टाकायची, हे महाविद्यालयीन मुलांच्या सवयीचे झाले आहे. पण या मुलांच्या कानावरचा रॅप बहुतेक गेल्या दहा वर्षांतला असतो. ज्या रेकॉर्डवर ही सगळी इमारत उभी आहे, त्या जुन्या हिप हॉपची ओळख राहून जाते. हा जुना काळ कोणता, त्यातले काय ऐकावे आणि झाडीपट्टीत राहणाऱ्याला त्यातून काय घेता येईल, याचा हा आढावा.

हिप हॉप आणि रॅप एकच का?

नाही. रॅप हा हिप हॉपचा एक भाग आहे. हिप हॉपची चार अंगे मानली जातात : डीजेइंग म्हणजे रेकॉर्ड वाजवण्याची कला, एमसीइंग म्हणजे तालावर बोलणे अर्थात रॅप, ब्रेकिंग हा नृत्यप्रकार आणि ग्राफिटी ही भिंतीवरची चित्रकला. यातील ब्रेकिंगचा २०२४च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये समावेश झाला होता.

या सगळ्याची जन्मतारीख सांगितली जाते ती ११ ऑगस्ट १९७३. न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागातील १५२० सेजविक अव्हेन्यू या इमारतीत सिंडी कॅम्पबेल या मुलीने शाळा सुरू होण्यापूर्वी एक पार्टी ठेवली. रेकॉर्ड वाजवायला तिचा भाऊ क्लाइव्ह, म्हणजेच डीजे कूल हर्क होता. हर्क मूळचा जमैकाचा. गाण्यात गायक थांबतो आणि नुसता ढोल-ताल उरतो, त्या काही सेकंदांत लोक सर्वाधिक नाचतात, हे त्याने हेरले. मग तीच रेकॉर्ड दोन टर्नटेबलांवर ठेवून, एकीवरचा ताल संपला की दुसरीवरचा सुरू करून, तो काही सेकंदांचा तुकडा हवा तेवढा लांबवता येऊ लागला.

ग्रँडमास्टर फ्लॅशने या कल्पनेला तांत्रिक शिस्त लावली. तो शाळेत इलेक्ट्रॉनिक्स शिकलेला होता. पुढची रेकॉर्ड लोकांना ऐकू येण्याआधी आपल्याला हेडफोनवर ऐकता यावी, अशी जोडणी त्याने केली आणि ताल न चुकवता तुकडे जोडण्याची पद्धत बसवली. वाया गेलेल्या किंवा टाकलेल्या सुट्या भागांतून यंत्र उभे करणाऱ्या कोणत्याही मुलाला हा माणूस जवळचा वाटेल.

पहिली सहा वर्षे एकही रेकॉर्ड का निघाली नाही?

कारण ही विकण्याची वस्तू आहे, असे कुणाला वाटलेच नव्हते. १९७३ ते १९७९ या काळात हिप हॉप पार्टीत, मैदानात, शाळांच्या जिममध्ये घडत होते आणि तिथेच संपत होते. उरल्या त्या फक्त कॅसेट. कुणी टेपरेकॉर्डर घेऊन जायचा, कार्यक्रम टेप करायचा आणि त्याच्या प्रती हातोहात फिरायच्या. रेकॉर्ड निघू लागल्यावरही ही पद्धत सुरू राहिली. डिसेंबर १९८१ मध्ये ‘हार्लेम वर्ल्ड’ या क्लबमध्ये कूल मो डी आणि बिझी बी यांच्यात झालेला सामना रॅपच्या इतिहासातील महत्त्वाचा क्षण मानला जातो. गर्दीला हसवणाऱ्या सूत्रसंचालकापेक्षा शब्दरचनेत मुरलेला गडी भारी ठरू शकतो, हे त्या रात्री दिसले. आज त्यावर चर्चा करता येते, कारण त्याची टेप फिरत राहिली.

पहिली गाजलेली रेकॉर्ड कोणती?

सप्टेंबर १९७९ मध्ये आलेली शुगरहिल गँगची ‘रॅपर्स डिलाइट’. सिल्व्हिया रॉबिन्सन या गायिका-निर्मातीने तीन मुलांना एकत्र आणून ती तयार केली. मूळ लांब आवृत्ती चौदा मिनिटांहून मोठी. खाली वाजते ती ‘शिक’ या बँडच्या ‘गुड टाइम्स’ची बेसलाइन, वादकांकडून पुन्हा वाजवून घेतलेली. अमेरिकेच्या पहिल्या चाळीस गाण्यांत पोहोचलेली ही पहिली रॅप रेकॉर्ड ठरली.

तिच्याबरोबरच श्रेयाचे दोन वादही जन्माला आले. ‘शिक’च्या नाइल रॉजर्स आणि बर्नार्ड एडवर्ड्स यांना नंतर गीतकार म्हणून श्रेय मिळाले. दुसरा अन्याय मात्र भरून निघाला नाही. तिघांपैकी बिग बँक हँकने म्हटलेल्या ओळींतला मोठा भाग ब्रॉन्क्समधील ग्रँडमास्टर कॅझच्या वहीतला होता. कॅझचे नाव रेकॉर्डवर आले नाही. ज्याने लिहिले तो बाजूला आणि ज्याचे रेकॉर्डिंग झाले तो इतिहासात, ही गोष्ट लोककलेच्या क्षेत्रात काम करणाऱ्यांना वेगळी सांगायला नको.

‘द मेसेज’ने काय बदलले?

तोवर रॅपचा विषय होता नाच, मजा आणि स्वतःची फुशारकी. १९८२ मध्ये ग्रँडमास्टर फ्लॅश अँड द फ्युरियस फाइव्ह या नावाने ‘द मेसेज’ आले आणि पहिल्यांदाच गरीब वस्तीतले रोजचे जगणे इतक्या थेटपणे रेकॉर्डवर उतरले. गंमत म्हणजे हे गाणे करायला गट फारसा उत्सुक नव्हता. पार्टीत असे उदास गाणे कोण ऐकणार, ही शंका होती. प्रत्यक्षात त्यावर प्रामुख्याने मेली मेल आणि ड्यूक बूटी यांचेच काम आहे, ग्रँडमास्टर फ्लॅशचा सहभाग जवळपास नाही. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने २००२ मध्ये राष्ट्रीय ध्वनिमुद्रण नोंदवही सुरू केली, तेव्हा पहिल्याच यादीत या गाण्याला स्थान मिळाले.

त्याच वर्षी आफ्रिका बंबाटाचे ‘प्लॅनेट रॉक’ आले. जर्मनीच्या ‘क्राफ्टवर्क’ बँडच्या धून आणि रोलँड कंपनीचे टीआर-८०८ हे तालयंत्र यांचा तो मेळ. ८०८चा खोल, पोट हलवणारा ठोका आज गोंदियातल्या मिरवणुकीतल्या डीजेपर्यंत पोहोचला आहे. यंत्र स्वतः मात्र १९८३ मध्येच बंद झाले.

मग ‘सुवर्णकाळ’ कोणता?

यावर रसिकांचे एकमत नाही, पण साधारण १९८६ ते १९९४ हा काळ बहुतेक जण मान्य करतात. सुरुवात ‘रन-डीएमसी’च्या ‘रेझिंग हेल’ या १९८६च्या अल्बमपासून धरली जाते. या आठ-नऊ वर्षांत इतके प्रयोग झाले, याचे एक कारण यंत्रांत दडले आहे.

१९८७ मध्ये ई-म्यू कंपनीचे एसपी-१२०० आणि १९८८ मध्ये अकाईचे एमपीसी-६० बाजारात आले. जुन्या रेकॉर्डचा तुकडा या यंत्रात साठवायचा, कापायचा आणि बोटांनी वाजवायचा. एसपी-१२००ची क्षमता आज हास्यास्पद वाटेल : १२ बिट, सुमारे २६ किलोहर्ट्झ आणि एकूण जेमतेम १० सेकंदांची साठवण. तुलनेसाठी, सीडीचा दर्जा १६ बिट आणि ४४.१ किलोहर्ट्झ असतो. जागा वाचवण्यासाठी निर्माते ३३च्या वेगाची रेकॉर्ड ४५वर वाजवून भरायचे आणि यंत्रात पुन्हा संथ करायचे. त्यातून आवाजाला जो खरखरीतपणा आला, तोच या काळाचा ओळखीचा नाद ठरला. आज महागडी सॉफ्टवेअर तीच खरखर मुद्दाम घालून देतात.

सुरुवात करायची तर कोणते अल्बम ऐकावेत?

पंधरा-वीस नावांची यादी देण्यापेक्षा, काय ऐकायचे आणि कशासाठी, हे सांगणे उपयोगाचे.

यमक शिकण्यासाठी एरिक बी अँड रकिम यांचा ‘पेड इन फुल’ (१९८७). रकिमच्या आधी यमक बहुधा ओळीच्या शेवटी यायचे. सॅक्सोफोन वाजवणाऱ्या रकिमने ते ओळीच्या पोटात, मधेमधे पेरले आणि वाक्य ताल ओलांडून पुढच्या ओळीत नेले. आजचा प्रत्येक तयारीचा रॅपर या अल्बमचा देणेकरी आहे.

आवाजाची रचना समजण्यासाठी पब्लिक एनिमीचा ‘इट टेक्स अ नेशन ऑफ मिलियन्स टू होल्ड अस बॅक’ (१९८८). ‘बॉम्ब स्क्वॉड’ या निर्मात्यांच्या गटाने डझनावारी तुकडे एकमेकांवर रचून सायरनसारखा गोंगाट उभा केला. त्यावर चक डीचा भारदस्त आवाज सभेतल्या भाषणासारखा येतो.

गप्पांच्या सुरात रॅप कसा करतात, हे ‘अ ट्राइब कॉल्ड क्वेस्ट’च्या ‘द लो एंड थिअरी’त (१९९१) कळते. यातील एका गाण्यात जॅझचे नामवंत वादक रॉन कार्टर यांनी प्रत्यक्ष बेस वाजवला आहे.

गटाने गाणाऱ्यांसाठी वू-टँग क्लॅनचा पहिला अल्बम (१९९३). नऊ जणांचे नऊ वेगळे आवाज आणि खाली कुंग-फू सिनेमांतले संवाद. बजेट कमी असले तरी कल्पना मोठी असू शकते, याचा हा पुरावा.

आणि एकच ऐकायचा असेल, तर नासचा ‘इलमॅटिक’ (एप्रिल १९९४). लिहिणारा विशीतला, विषय एकच : न्यूयॉर्कची क्वीन्सब्रिज ही सरकारी घरांची वसाहत. दहा ट्रॅक, जेमतेम ४० मिनिटे. कुठेही भाषण नाही. खिडकीतून दिसणारे तेवढे लिहिले आहे. हा अल्बमही आता राष्ट्रीय नोंदवहीत आहे.

बायकांची नावे या याद्यांत कायम शेवटी येतात. तसे होऊ नये. एमसी लाइटचा ‘लाइट अॅज अ रॉक’ १९८८चा, क्वीन लतिफाचा ‘ऑल हेल द क्वीन’ १९८९चा. १९९८ मध्ये लॉरिन हिलचा ‘द मिसएज्युकेशन ऑफ लॉरिन हिल’ आला आणि पुढच्या वर्षी ग्रॅमीचा ‘अल्बम ऑफ द इयर’ पुरस्कार मिळवणारा तो पहिला हिप हॉप अल्बम ठरला. सुवर्णकाळातल्या अनेक नामांकित गाण्यांत बाईविषयीची भाषा हीन आहे, हेही मोकळेपणाने सांगायला हवे. त्या गाण्यांतली कारागिरी घेताना ती भाषाही उचलण्याचे कारण नाही. लतिफाने १९९३ मध्येच ‘युनिटी’ या गाण्यातून त्या भाषेला जाहीर जाब विचारला होता.

हा काळ संपला कशामुळे?

एक कारण बाजार. डिसेंबर १९९२ मधील डॉ. ड्रेच्या ‘द क्रॉनिक’नंतर पश्चिम किनाऱ्याचा संथ, गुळगुळीत नाद चालला आणि पैसा मोठा झाला. पूर्व-पश्चिम वादाच्या वातावरणात टुपाक शकुर (सप्टेंबर १९९६) आणि नोटोरियस बीआयजी (मार्च १९९७) यांच्या हत्या झाल्या. ‘ऑल आइज ऑन मी’ आणि ‘रेडी टू डाय’ हे दोघांचे अल्बम आजही ऐकले जातात. पण त्या दोन मृत्यूंनंतर एक पर्व संपल्याची भावना पसरली.

दुसरे कारण कायदा. डिसेंबर १९९१ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयाने बिझ मार्की या रॅपरविरुद्धच्या खटल्यात परवानगीशिवाय सॅम्पल वापरण्याला चोरी ठरवले. त्यानंतर प्रत्येक तुकड्याची परवानगी आणि पैसे आले. पब्लिक एनिमीसारखा तुकड्यांचा डोंगर रचणे परवडेनासे झाले. ‘डे ला सोल’च्या १९८९च्या ‘थ्री फीट हाय अँड रायझिंग’ची गत सर्वांत बोलकी आहे. राष्ट्रीय नोंदवहीत गेलेला हा अल्बम सॅम्पलच्या हक्कांचा गुंता आणि करारांचे वाद यामुळे वर्षानुवर्षे स्ट्रीमिंग सेवांवर नव्हता. तो तिथे आला ३ मार्च २०२३ रोजी, म्हणजे ३४ वर्षांनी. गटातला एक सदस्य त्याच्या तीनच आठवडे आधी वारला होता.

महाराष्ट्रात हे कधी आले?

रॅप हा शब्द भारतीय घरांत पोहोचवला तो बाबा सेहगल यांच्या १९९२च्या ‘ठंडा ठंडा पानी’ने. पण त्याला स्वतःची गल्ली मिळाली ती दोन दशकांनी. कुर्ल्याच्या नेझीने २०१४ मध्ये ‘आफत’चे ध्वनिमुद्रण आयपॅडवर केले. २०१५ मध्ये डिव्हाइनबरोबरचे ‘मेरे गली में’ आले आणि २०१९ मध्ये झोया अख्तर यांच्या ‘गली बॉय’ने ही गोष्ट देशभर नेली. याच मुंबईत ‘स्वदेसी’ या गटातला एमसी मवाली मराठीत रॅप करत होता. आरेच्या जंगलाच्या प्रश्नावर या गटाने आदिवासी कार्यकर्ते प्रकाश भोईर यांना सोबत घेऊन ‘द वारली रिव्होल्ट’ केले. विदर्भातून अमरावतीचा सौरभ अभ्यंकर ऊर्फ ‘१००आरबीएच’ २०२३ मध्ये ‘एमटीव्ही हसल’च्या मंचावर वऱ्हाडी ठसक्यासह दिसला.

सत्तेला गाणे टोचते, हाही अनुभव इथे आला. १९८९ मध्ये एफबीआयने एन.डब्ल्यू.ए.च्या पोलिसांवरील गाण्याबद्दल रेकॉर्ड कंपनीला नाराजीचे पत्र पाठवले होते. एप्रिल २०२३ मध्ये महाराष्ट्रात राज मुंगासे आणि उमेश खाडे या दोन मराठी रॅपरवर राजकीय टीकेच्या गाण्यांमुळे गुन्हे दाखल झाले. अमेरिकेत ते पत्र गटाच्या प्रसिद्धीला कामी आले. इथे मात्र तरुणाला पोलीस ठाण्याची पायरी चढावी लागली. गाण्याला उत्तर गाण्याने किंवा भाषणाने द्यायचे असते, हे शाहिरांच्या राज्यात पुन्हा सांगावे लागावे, ही चांगली गोष्ट नव्हे.

यात गोंदियाचा संबंध कुठे येतो?

झाडीपट्टीला तालावर बोलणे नवीन नाही. दिवाळीनंतर गावोगावी मंडई भरते, रात्री दंडार किंवा खडी गंमत उभी राहते. ढोलकी, टाळ, तुणतुण्याच्या साथीवर शाहीर प्रश्न टाकतो, समोरचा जागच्या जागी उत्तर जुळवतो. कलगी-तुऱ्याचे सवाल-जवाब ऐकलेल्या माणसाला हार्लेम वर्ल्डचा सामना समजावून सांगावा लागत नाही. वडसा हे केंद्र असलेली झाडीपट्टी रंगभूमी तर दिवाळी ते होळीच्या हंगामात आजही रात्रभर तिकीट लावून चालते. या रंगभूमीवरचे ज्येष्ठ कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली.

भाषेच्या बाबतीतही गोंदियाचा हात मोठा आहे. मध्य प्रदेश आणि छत्तीसगडच्या सीमेवरच्या या जिल्ह्यात एकाच मुलाच्या कानावर झाडीबोली, पोवारी, हिंदी, छत्तीसगढी आणि गोंडी पडू शकते. रॅपसाठी ही श्रीमंती आहे. झाडीबोलीत ‘ण’चा ‘न’ होतो, म्हणून ‘पानी’ हा शब्द हिंदीतल्या ‘परेशानी’शी अगदी चोख यमकतो. पुण्या-मुंबईच्या रॅपरला जे जुळवून आणावे लागते, ते इथे बोलण्यातच आहे. तरीही इथली बहुतेक मुले मुंबईच्या ‘भाई’ हिंदीत रॅप करतात आणि गल्लीही मुंबईचीच सांगतात. ‘इलमॅटिक’चा धडा याच्या उलट आहे. धान खरेदी केंद्रावरची रांग, बोनसची वाट, तेंदूपत्त्याचा हंगाम, राइस मिलचा कोंडा, नवेगाव-नागझिऱ्याच्या काठावरच्या गावांतली वाघाची धास्ती, कामासाठी नागपूर-रायपूरला गेलेला भाऊ : हे इथल्या मुलाशिवाय दुसरे कोण लिहिणार?

खरा प्रश्न रेकॉर्डिंगचा

हिप हॉपला ‘सुवर्णकाळ’ आहे, कारण त्याची नोंद आहे. तारखा, यंत्रे, निर्माते, वाद, सगळे सापडते. कॉर्नेल विद्यापीठाने २००७ पासून पार्टीची पत्रके, फोटो आणि टेप जमवून हिप हॉपचा मोठा संग्रह उभा केला. आपल्याकडे दंडारीची कितीतरी पिढ्यांची गाणी म्हणणाऱ्याबरोबर गेली. त्यातला कोणता काळ श्रेष्ठ, कोणता शाहीर भारी, यावर वाद घालायलाही ऐकण्याजोगा ऐवज हवा. डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांच्यासारख्या अभ्यासकांनी झाडीबोलीवर आयुष्यभर काम केले, पुण्याच्या डेक्कन कॉलेजने राज्य मराठी विकास संस्थेसोबत मराठीच्या बोलींचे ध्वनिमुद्रणासह सर्वेक्षण केले. बोलीसाठी जे झाले, ते मंडईतल्या गाण्यांसाठी आणि कचारगडच्या यात्रेत घुमणाऱ्या गोंडी गीतांसाठीही जिल्हा पातळीवर व्हायला हवे. नागपूर विद्यापीठाच्या इथल्या महाविद्यालयांना राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात हे काम सहज जोडता येईल.

सरकारची वाट न पाहता करण्यासारखेही बरेच आहे. साधा मोबाइल एसपी-१२००पेक्षा कितीतरी सरस ध्वनिमुद्रण करतो. दंडार टेप करताना फाइल व्हॉट्सअॅपवरून ऑडिओ म्हणून न पाठवता मूळ स्वरूपात जपावी, कारण तिथे ती दाबली जाते आणि आवाज उतरतो. फाइलच्या नावात गाव, तारीख आणि कलावंताचे नाव असावे. दोन ठिकाणी प्रत ठेवावी. सर्वांत आधी कलावंताची परवानगी घ्यावी. कॉपीराइट कायद्यानुसार सादर करणाऱ्या कलावंतालाही आपल्या सादरीकरणावर ५० वर्षे हक्क असतो. त्या टेपचा तुकडा कापून बीटमध्ये घातला आणि गाणे चालले, तर म्हाताऱ्या शाहिराचे नाव आणि वाटा दोन्ही त्यात असले पाहिजेत. स्वतःचे रॅप लिहिणाऱ्यांनीही रील टाकण्याआधी गीतकार, बीट करणारा आणि गाणारा यांची नावे लेखी ठेवावीत.

ग्रँडमास्टर कॅझने आपली वही विश्वासाने उसनी दिली आणि नाव गमावले. गोंदियात अशा वह्या अजून घराघरांत, ट्रंकेत आहेत. येत्या मंडईत त्या उघडून गाणी टेप करून घेतली, तर आणखी वीस वर्षांनी झाडीपट्टीच्या सुवर्णकाळाची यादी करायला कुणाला तरी आधार राहील.